उजवं मडगार्ड

गाडी गॅरेजात शिरली ती आवाजावरून कळली नाही, वासावरून कळली. आधी जळक्या रबराचा वास आला, मागून हिरवी गाडी आली, आणि सगळ्यात शेवटी काच खाली करून धाकटीनं तोंड बाहेर काढलं.

"भाऊजी, चिडणार नाही असं आधी कबूल करा."

"कबूल करून चिडतो. बोल."

धाकटी म्हणजे डेंटरच्या बायकोची धाकटी बहीण. बोलायला आठ माणसांची आणि गाडी चालवायला बाराजणांची. गाडी तिला वडिलांनी दिलेली. वडील म्हणजे अर्थातच डेंटरचे सासरे. पण सासरे व्हायच्या कितीतरी आधी ते त्याचे उस्ताद होते. याच गॅरेजात, याच फळीसमोर उभं करून त्यांनी त्याला पत्रा ठोकायला शिकवलं. तेव्हा ते "ए गाढवा, हातोडी दे" म्हणायचे. लग्न ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून "जावईबापू, हातोडी देता का?" सुरू झालं. डेंटरला गाढवच बरं वाटत होतं. गाढवाला चुकायची मुभा असते. जावयाला फक्त मान असतो.

पुढे उस्तादांचा उजवा हात थरथरायला लागला आणि गॅरेज डेंटरकडे आलं. सोबत दारावरची पाटीही आली. पत्र्याची पाटी, त्यावर उस्तादांनी स्वतः लाल अक्षरांत रंगवलेलं: 'येथे पुट्टी भरली जात नाही.' पत्र्याला खड्डा पडला की तो ठोकून सरळ करायचा सोडून त्यात राखाडी पुट्टी थापायची, घासायची आणि वरून रंग मारून मोकळं व्हायचं, ही जगाची रीत. उस्तादांना ती मान्य नव्हती. "पुट्टी म्हणजे खोटं बोलणं," ते म्हणायचे, "आणि तेही जाड." पुट्टीच्या डब्यासकट दोन कारागीर त्यांनी याच दारातून बाहेर काढले होते. पाटी वाचून काही गिऱ्हाइकं परत जायची, काही आत यायची. आत आलेल्यांना मग उस्ताद वेगळं भाषण द्यायचे.

ही हिरवी गाडी त्यांचं शेवटचं काम. विहिरीच्या तळासारखा गर्द रंग. जवळ गेलं की आपलंच तोंड दिसावं आणि दिसलं की जरा बरं वाटावं, असा. रंग झाला, तसं त्यांनी फवाऱ्याचं यंत्र धुऊन पुसून, मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि किल्ली धाकटीच्या हातात दिली. "हवं ते कर," म्हणाले. "इंजिन बदल, सीटा बदल, नवरा बदल. रंगाला मात्र धक्का लावायचा नाही. हे काम आता माझ्याकडून पुन्हा व्हायचं नाही."

धाकटीनं आज्ञा जमेल तितकी पाळली. इंजिनाला हात लावला, सीटा बदलल्या. नवरा तूर्तास तोच होता.

"काय केलंस सांग," डेंटर म्हणाला. सांगायची गरज नव्हती, समोर दिसत होतं. गाडी मुळातच तिनं दोन बोटं खाली घेतली होती. आता त्याच्यावर रुंद चाकं चढवली होती, आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून चाकाच्या मागे जाड चकती घालून ती आणखी बाहेर काढली होती. गाडी जमिनीला पोट लावून, कोपरं पसरून बसली होती, घोरपडीसारखी.

"मी माप घेतलं होतं हां," धाकटी म्हणाली. "टायर आणि मडगार्ड यांच्यामधून पुठ्ठा आरपार जात होता."

"गाडीत कोण होतं तेव्हा?"

"कोण असणार? गाडी घरासमोर उभी होती."

"म्हणजे रिकामी."

"हो, मग?"

"रिकाम्या गाडीत सगळं बसतं, बाई. रिकाम्या घरातसुद्धा सगळे गुण्यागोविंदानं राहतात. आणि आज?"

"आज ऑफिसातल्या तिघी मागे बसल्या. पहिल्या गतिरोधकावर खर्रर्र झालं. मला वाटलं त्यातली एक घोरतेय."

डेंटर उकिडवा बसला. मागच्या टायरच्या खांद्यावरून रबराची सालपटं निघाली होती, पेन्सिलीला टोक केल्यावर निघतात तशी. मडगार्डचा पत्रा चाकाच्या वर संपतो तिथे बोटाच्या पेरभर आत वळलेला असतो. बाहेरून ती वळलेली कड दिसत नाही. टायरला मात्र ती सुरीसारखी दिसते. गाडी दबली की टायर वर येतं आणि सुरीवर घासतं. आज टायर कापलं होतं. उद्या टायर कडेला पकडणार, कड बाहेर ओढणार, आणि उस्तादांच्या रंगाच्या चिरफळ्या उडणार.

"चकत्या काढ. चाकं आत जातील, प्रश्न मिटेल."

"आणि शोभा?"

"शोभा कोण?"

"भाऊजी! चाक पत्र्याच्या बरोबरीला आलंय बघा ना कसं. ते आत गेलं की वडिलांचे बूट घातलेल्या पोरासारखं दिसतं. तुम्ही कड वळवा ना. आतली कड वर दाबून सपाट केली की झालं. सगळे करतात."

"सगळ्यांच्या गाड्या उस्तादांनी रंगवलेल्या नसतात."

"म्हणून तर तुमच्याकडे आले." मग तिनं खरी गोष्ट काढली. "आणि चारला बाबा इथेच येतायत. आत्याला घेऊन. आत्याला तिच्या घरी सोडायचंय, याच गाडीतून."

डेंटरनं वर पाहिलं. आत्या म्हणजे उस्तादांची थोरली बहीण. त्यांच्याबद्दल एवढंच सांगायचं की त्या सोफ्याच्या एका टोकाला बसल्या की दुसऱ्या टोकाचा माणूस आपोआप उभा राहतो.

"उस्तादांना चाकांचं माहीत आहे?"

"नाही."

"गाडी खाली घेतल्याचं?"

"त्यांना वाटतं गाडी थकली म्हणून बसली."

घड्याळाकडे न बघता डेंटरनं जॅक ओढला. खरं तर चकत्या काढणं हेच शहाणपण होतं, आणि ते त्याला कळत होतं. पण मेहुणीसमोर "येत नाही" म्हणणं हा प्रकार मराठी पुरुषाच्या शब्दकोशात शोधावा लागतो, आणि तेवढा वेळ नव्हता.

काम असं असतं. चाक उतरवायचं. ते जिथे बसतं तिथे लोखंडी दांडा बोल्टांनी आवळायचा. दांड्याच्या टोकाला रबरी रोलर. रोलर कडेला टेकवायचा, स्क्रू फिरवून किंचित दाब द्यायचा आणि दांडा पुढेमागे, पुढेमागे झुलवायचा. एकीकडे हीटगननं पत्रा तापता ठेवायचा. जुना रंग म्हाताऱ्या माणसासारखा: ऊब दिली, वेळ दिला, तर वाकतो, घाई केली की तडकतो, आणि एकदा तडकला की समजूत निघत नाही.

त्याआधी एक गोष्ट करायची असते. कुठल्याही परक्या गाडीला हात लावण्यापूर्वी डेंटर खिशातला छोटा चुंबक पत्र्यावरून फिरवायचा. आत पुट्टी असेल तर चुंबक धरत नाही, आणि पुट्टी वळत नाही, पापडासारखी मोडते. चुंबक खिशात होता. डेंटरचा हात खिशापर्यंत गेला आणि परत आला. उस्तादांच्या गाडीवर चुंबक? आईनं वाढलेली भाजी शिळी आहे का म्हणून तिच्यासमोर वास घेऊन बघण्यापैकी झालं ते. त्यानं तोच हात पँटला पुसला आणि हीटगन लावली.

डाव्या बाजूपासून सुरुवात केली. हीटगन आतून, तळहात बाहेरून. रंगाला हात लावून ऊब कळते; हात ठेवता आला पाहिजे, पण ठेवावासा वाटता कामा नये. स्क्रू अर्धा फेरा. दांडा पुढे, मागे. पत्रा कुरकुरला. धाकटीनं श्वास रोखला, म्हणजे ती गप्प बसली; दोन्ही एकदम फक्त अशा वेळी व्हायचं. पुन्हा ऊब. पुन्हा अर्धा फेरा. डेंटरच्या नाकावरून घाम ओघळून ओठावर आला तरी त्यानं पुसला नाही. हिरव्या रंगात त्याचंच तोंड दिसत होतं, आणि ते तोंड त्याच्यापेक्षा घाबरलेलं होतं. कड हळूहळू वर गेली, आणखी वर, आणि शेवटी आतल्या पत्र्याला चिकटून सपाट झाली.

त्यानं बॅटरी लावून बाहेरची कड इंच इंच पाहिली. केसाएवढीही चीर नव्हती.

"भाऊजी, पाया पडू?"

"उजवं बाकी आहे. पाय तोपर्यंत तिथेच असतील."

उजवीकडे दांडा आवळला. हीटगन आतून, तळहात बाहेरून. डावीकडे पत्रा लगेच तापला होता. उजवीकडे तळहात थांबला, वाट बघत राहिला. पत्रा थंडच. डेंटरला वाटलं हीटगन दमली. त्यानं तोंडासमोर धरून पाहिली आणि भुवई थोडक्यात वाचली. हीटगन ठणठणीत होती. त्यानं आणखी ऊब दिली. स्क्रू जेमतेम फिरवला आणि दांडा एकदा पुढे नेला.

टिक.

आवाज मुंगीनं चुटकी वाजवावी इतका बारीक. धाकटीला ऐकूही गेला नाही. डेंटरला मात्र तो आत्या बसल्याइतका मोठा ऐकू आला.

त्यानं दाब सोडला. बॅटरी मारली. रंग शाबूत होता. मग त्यानं बोटाच्या पेरानं डावं मडगार्ड वाजवलं. टण्. उजव्याकडे येऊन चाकाच्या वर वाजवलं. थप्. हात उशीवर आपटल्यासारखा. धाकटी पाणी प्यायला मागे वळली, तेवढ्यात त्यानं खिशातून चुंबक काढला, रंगाला ओरखडा नको म्हणून रुमालात धरला आणि हळूच टेकवला. चुंबक टेकला आणि घसरला. पुन्हा टेकवला. पुन्हा घसरला, थेट हातात आला. वितभर सरकवल्यावर कुठे त्याला लोखंड सापडलं आणि तो हायसं वाटून चिकटला.

पुट्टी. उस्तादांच्या गाडीत. आणि थोडीथोडकी नाही, चांगली जाड.

डेंटर तसाच उकिडवा बसून राहिला. वरून पाटी त्याच्याकडे बघत होती.

आता दांडा आणखी एकदा जरी फिरला असता तरी आतली पुट्टी मोडली असती आणि तिच्याबरोबर हिरव्या रंगाचा टवका हातभर अंतरावर जाऊन पडला असता. मागे उरलं असतं राखाडी भोक. चार वाजता, उस्तादांच्या समोर, त्यांच्या लेकीच्या समोर. रंग गेला असता आणि शब्दही गेला असता. रंग एक वेळ दुसऱ्या कुणी मारला असता.

"थांबलात का?" धाकटी परत आली.

"हे नाही करायचं."

"काय नाही करायचं?"

"उजवं. चकत्या काढू. स्प्रिंग थोडी वर घेऊ."

"डावं केलंत आणि उजवं नाही? अर्धी दाढी करून सोडल्यासारखं?"

"उजवीकडे... ऊन लागलंय रंगाला."

"डावीकडे सावलीत चालवते का मी?"

तेवढ्यात दारात काठी वाजली. चार वाजायला अवकाश होता. उस्ताद आयुष्यात कधी वेळेवर आले नाहीत, नेहमी आधीच यायचे, माणसं कामं कशी लपवतात ते बघायला. त्यांच्यामागे आत्या दार भरून उभ्या होत्या.

"अगंबाई, गाडी बसली की काय गं खाली?" आत्या म्हणाल्या. "आजारी आहे का?"

 उस्तादांनी गाडीभोवती एक फेरी मारली. उतरवलेली रुंद चाकं पाहिली. कापलेलं टायर काठीनं हलवलं. धाकटी तेवढ्या वेळात तीनदा "बाबा" म्हणाली आणि तिन्ही वेळा तिथेच थांबली. डाव्या मडगार्डपाशी वाकून त्यांनी कडेखाली बोट घालून फिरवलं.

"छान वळलंय," ते म्हणाले. हे दोन शब्द मिळावेत म्हणून डेंटरनं एके काळी अर्धी हयात घालवली असती. आज ते कानावरून गेले.

कारण उस्ताद आता उजवीकडे आले होते, आणि तिथे आवळलेला दांडा पाहून थांबले होते. थरथरता हात त्यांनी काठीवर दुसऱ्या हाताखाली दाबला.

"उजवं सुरू केलंत, जावईबापू?"

"नाही, मामा. करत नाहीये."

"घाबरले ते, बाबा!" धाकटी उसळली. "डावं केलं आणि आता म्हणतात ऊन लागलंय!"

"घाबरलो नाही. हात आज बरोबर नाही माझा," डेंटर म्हणाला. खोटं बोलायची सवय नसल्यानं तो ते जरा मोठ्यानं बोलला. "थरथरतोय. सकाळपासून."

"चहा कमी पीत जा," आत्या म्हणाल्या.

"मघाशी तर दगडासारखा होता हात! काही नाही, बाबा, हिंमत गेली यांची. एवढं नाव, एवढी पाटी लावलीये दारावर, आणि घरच्या गाडीची वेळ आली की हात थरथरतो. द्या इकडे, मी करते. पन्नास वेळा व्हिडिओ बघितलाय."

बोलता बोलता तिनं एका हातानं हीटगन उचलली आणि दुसऱ्या हातानं दांडा धरला. डेंटरनं दांड्याचं दुसरं टोक पकडलं. तिनं ओढला. त्यानं धरून ठेवला. रोलर कडेला टेकलेलाच होता. दोघांच्या ओढाताणीत तो केसभर सरकला.

टिक.

या वेळी तो सगळ्यांना ऐकू आला.

"सोड," डेंटर म्हणाला.  "सोड म्हणतो ना. माझ्याच्यानं होत नाही असं समज. सगळ्यांना सांग, भाऊजींना काम येत नाही. पण सोड."

धाकटी बघतच राहिली. सोडायचं तिच्या मनात आलं असावं, पण मन आणि हात यांच्यामध्ये तिचा स्वभाव उभा होता.

"ए गाढवा," उस्ताद म्हणाले, "चुंबक दे."

 इतक्या वर्षांनी ती हाक ऐकून डेंटरचा हात विचारायला न थांबता खिशात गेला. उस्तादांनी काठी आत्यांकडे दिली, रुमालासकट चुंबक घेतला आणि उजव्या मडगार्डवर ठेवला. हात असा थरथरत होता की चुंबक रंगावर तालात वाजत होता. त्यांनी हात काढला. चुंबक घसरला, फरशीवर पडला, आणि गोल फिरून आत्यांच्या चपलेपाशी थांबला.

धाकटीच्या हातातून दांडा सुटला.

"शेवटचा खड्डा होता," उस्ताद गाडीशी बोलल्यासारखे बोलले. "आतून ठोकत होतो. हात हलला, हातोडी भलतीकडे बसली. पत्रा ताणला गेला. मग जितका ठोकला तितका बिघडला. दुसऱ्या दिवशी बाजारातून डबा आणला. ओळखीच्या दुकानात नाही गेलो, चार गल्ल्या सोडून लांबच्या दुकानात गेलो. चोरासारखा. आणि भरली."

आत्यांनी काठी परत त्यांच्या हातात दिली.

"लोकांना वाटलं, म्हाताऱ्यानं रंग इतका सुंदर मारला की म्हणाला, आता बस. तसं नव्हतं. डबा उघडला त्याच दिवशी मी संपलो होतो. रंग नंतर मारला." मग ते डेंटरकडे वळले. "आणि तू रे? थरथरणारा हात माझा आहे. तो मी तुला दिलेला नाही. जे दिलंय तेवढंच वापर."

डेंटरनं मान खाली घातली. चुंबक उचलायचं निमित्त होतंच.

धाकटीनं हीटगन बंद करून फळीवर ठेवली.  मग बाहीनं उजव्या मडगार्डवरचा बोटांचा ठसा पुसला. "भाऊजी," ती म्हणाली, "चकत्या काढा. आणि स्प्रिंग घ्या वर, हवी तेवढी."

"आणि शोभा?"

"मरू दे शोभा."

चकत्या निघाल्या. चाकं आत गेली. मागच्या दोन्ही स्प्रिंगा डेंटरनं खालचे नट फिरवून बोटभर वर घेतल्या. गाडी घोरपडीची पुन्हा गाडी झाली. उजव्या कडेच्या आत त्यानं जाड खडू फासला: टायर लागलंच तर खडू त्याच्यावर उमटेल. मग भर गाडीचं माप घ्यायची वेळ आली.

"आत्या, तुम्ही उजवीकडे बसा."

"मला डावीकडे बरं वाटतं."

"आज उजवीकडे बरं वाटून घ्या."

आत्या बसल्या. गाडीनं एक सुस्कारा सोडला. त्यांच्या शेजारी उरलेल्या जागेत उस्ताद बसले, पुढे डेंटर, आणि धाकटी चालवायला. गल्लीच्या टोकाला जो गतिरोधक होता तो कुणीतरी सूड म्हणून बांधल्यासारखा होता. धाकटीनं काचा खाली केल्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. चौघंही उजव्या मागच्या चाकाकडे कान लावून समोर बघत होते. पुढची चाकं चढली, उतरली. मग मागची चढली. आत्या वर गेल्या. गाडी त्यांच्या खाली थांबली, वाट पाहिली, आणि आत्या खाली आल्या. स्प्रिंग दबली, दबली, आणखी दबली.

काही नाही. खर्रर्र नाही, टिक नाही.

डेंटर उतरून चाकाखाली वाकला. टायर काळंभोर होतं. खडूचा कणही उमटला नव्हता.

"झालं का?" आत्या काचेतून म्हणाल्या. "एवढ्यासाठी मला हापटलंत?"

धाकटी हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. हे तिन्ही एकदम करणं तिलाच जमायचं. डेंटर परत येऊन बसला.

"उस्ताद," तो म्हणाला. किती वर्षांनी तोंडातून "मामा" न येता ते आलं. "पाटी उतरवू का मग?"

उस्तादांनी जरा विचार केला. गाडी गल्ली सोडून मोठ्या रस्त्याला लागली होती.

"राहू दे. तू भरत नाहीस ना? मग पाटी खरी आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "पण ती पाटी मागून कधी बघितलीस?"

"नाही."

"जुना पत्रा होता. मधोमध भोक पडलं होतं." ते खिडकीबाहेर बघू लागले. "बघू नकोस, गाढवा."

डेंटरनं ती अजून बघितलेली नाही. फक्त पाटी पुसताना खिशातला चुंबक आता तो तिच्याजवळ नेत नाही.